मिलिंद… पुढे?

मराठी माणसाने नुसते पहिले नाव सांगितले की समोरचा क्षणभर थांबतो आणि विचारतो, “पुढे?” या एका शब्दात आडनाव, गाव, जात अशा सगळ्याच चौकश्या येतात. बऱ्याचदा मात्र त्याची गरजच पडत नाही, कारण पहिले नावच घराचा पत्ता सांगून मोकळे होते. मिलिंद या नावाशी मात्र हा खेळ फसतो. ‘शाळा’ लिहिणारे मिलिंद बोकील, मॉडेल आणि अभिनेते मिलिंद सोमण, प्रल्हाद शिंदे यांच्या गाण्याचा वारसा चालवणारे मिलिंद शिंदे, दलित उद्योजकांची संघटना उभी करणारे मिलिंद कांबळे. अशा सगळ्या घरांतून हे नाव सहज वावरते, पण ते प्रत्येक घरात एकाच दाराने आलेले नाही.

पहिले दार संस्कृत काव्याचे. मिलिंद म्हणजे भुंगा. भ्रमर, मधुप, षट्पद, अली या त्याच्या भावंडांच्या यादीतले हे एक. (त्या यादीत ‘द्विरेफ’ही आहे. ‘भ्रमर’ या शब्दात दोन वेळा ‘र’ येतो म्हणून भुंगा द्विरेफ झाला. नावालाच नाव ठेवण्याचा असा प्रकार संस्कृतच करू जाणे.) अरविंद, मकरंद यांच्या पंगतीत मिलिंद छान बसतो. कमळ झाले, मध झाला, मग भुंगा का नको? कानाला गोड आणि अर्थाला नाजूक असे नाव म्हणून ते अनेक पांढरपेशा घरांनी उचलले.

दुसरे दार उघडते ते थेट ग्रीक मुलखाकडे.

इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात पंजाब आणि आसपासच्या प्रदेशावर मेनांडर नावाचा यवन राजा राज्य करत होता. त्याची राजधानी सागल, म्हणजे आजचे पाकिस्तानातले सियालकोट असे मानतात. त्याच्या चांदीच्या नाण्यांवर एका बाजूला ग्रीक अक्षरे आहेत आणि दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपीत ‘मेनंद्र’. ग्रीकमधल्या ‘सोतेर’ या बिरुदाचे तिथे ‘त्रातार’ झाले आहे. ही नाणी इतकी टिकाऊ निघाली की पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी पुस्तिकेत भडोचच्या बाजारात ती अजून चालत असल्याची नोंद आहे.

या मेनंद्राचा पाली भाषेत ‘मिलिंद’ झाला. दोन अनुनासिके जवळजवळ आली की जीभ एकाला बाजूला सारते. मराठी माणसाला हे वेगळे समजवायला नको. निंबाचा लिंब आपणच केला, नवनीताचे लोणीही आपणच काढले.

मूळ ग्रीक शब्द ‘मेनांद्रोस’. त्यातला ‘आंद्रोस’ म्हणजे पुरुषाचा. अलेक्झांडर, अँड्र्यू, गोव्यातला आंद्रे या सगळ्यांत तोच आहे आणि आपला ‘नर’ त्याचा भाषिक चुलतभाऊ आहे. ‘मेन’चा अर्थ काहीजण ‘ठामपणे टिकून राहणे’ असा करतात, तर काही त्याचा संबंध ‘मेनोस’ म्हणजे आवेश या शब्दाशी जोडतात. दुसरे खरे धरले तर गंमत आहे, कारण मेनोसचे नाते संस्कृत ‘मनस्’शी आहे. म्हणजे हे नाव सिंधूकाठी आले ते पाहुणे म्हणून नव्हे. ते नातलगांतच आले होते, फक्त ओळख पटली नाही. तिकडे अथेन्समध्ये याच नावाचा एक विनोदी नाटककार या राजाच्या दीडेकशे वर्षे आधी होऊन गेला होता.

उलट दिशेचा प्रवास पाहायला महाराष्ट्राबाहेर जावे लागत नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहात स्वतःला यवन म्हणवणाऱ्या दात्यांनी खांब दिले, पण कोरलेली नावे सिहधय, यसवधन अशी आहेत. सिंहध्वज आणि यशोवर्धन! नाशिकच्या पांडवलेण्यांत एक लेणे धर्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त याने कोरवले आहे. तोही उत्तरेकडचा यवन, गाव दत्तामित्री. हे गाव डिमेट्रियस या ग्रीक राजाच्या नावावरून ओळखले जाई असे अभ्यासक मानतात. माणसाचे नाव देशी, गावाचे ग्रीक आणि तेही देशी वेषात.

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथाची सुरुवात मला म्हणूनच विलक्षण वाटते. राजा भिक्खू नागसेनाला भेटतो आणि पहिल्याच भेटीत त्याचे नाव विचारतो. नागसेन सांगतो की लोक मला नागसेन म्हणतात खरे, पण ती केवळ व्यवहाराची खूण आहे, तिच्यामागे कुणी कायमचा ‘नागसेन’ सापडणार नाही. राजा चिडतो. मग नागसेन त्याला विचारतो की तू आलास तो रथ म्हणजे नेमके काय? आस? चाके? जू? राजा एकेकाला नाही म्हणत जातो आणि आपल्याच उत्तरांत अडकतो. ज्याचे नाव पुढे दोन हजार वर्षे टिकायचे होते, त्यालाच नाव ही पोकळ सोय असल्याचा धडा मिळाला.

हरल्यावर या राजाने हार मान्य केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हीच बौद्धिक सचोटी मोलाची वाटली. त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 मध्ये औरंगाबादला सुरू केलेले महाविद्यालय मिलिंद या नावाने ओळखले जाऊ लागले आणि त्याचा परिसर झाला नागसेनवन. प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा असे दोघेही एकाच आवारात आले. ज्यांच्या आजोबांची नावे धोंडू, कचरू अशी होती, त्या घरांत 1956 च्या धर्मांतरानंतर सिद्धार्थ, राहुल, गौतम यांच्या जोडीने मिलिंदही रांगू लागला. इथे भुंग्याचा काही संबंध नव्हता. हे नाव अभ्यासाला बसायला सांगणारे होते.

म्हणजे एकाच वर्गातले दोन मिलिंद, एक कमळावरून आलेला आणि एक वादसभेतून. हजेरीत फरक कळत नसे. तो कळायचा मास्तरांनी “पुढे?” विचारल्यावर.

आता बारशाला हे नाव फारसे ऐकू येत नाही. मूळ मेनांडराबद्दल प्लूटार्कने लिहून ठेवले आहे की तो लष्कराच्या तळावर वारला, तेव्हा त्याच्या रक्षेवरून शहराशहरांत तंटा उभा राहिला. शेवटी त्यांनी ती सारखी वाटून घेतली आणि आपापल्या गावी नेऊन तिच्यावर स्मारके बांधली.