आपण कुठून आलो?
(अनुवाद 26:4-10)



उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी, दर तीन वर्षांनी, आपण हे वाचन ऐकतो. शेतकरी पहिल्या पिकाची टोपली घेऊन येतो, याजक ती वेदीपुढे ठेवतो. पण तेवढ्याने अर्पण पुरे होत नाही. त्या माणसाने घराण्याची गोष्ट मोठ्याने सांगायची असते: आपला पूर्वज भटका होता, मिसर देशात उपरा म्हणून राहिला, तिथे छळ सोसला आणि देवाने हात धरून बाहेर काढले. टोपली भरलेली, जमीन स्वतःची, तरी वेदीपुढे सांगायचे काय, तर घरची गरिबी!

आपल्या किती घरांत अशी गोष्ट सांगितली जाते? 1885 च्या सुमारास नीरा डावा कालवा आला. त्यामागून ऊस आला, मग वालचंदनगर, माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वरनगरचे कारखाने, आणि कारखान्यांमागून माणसे. आपल्यातील काहींचे आजे-पणजे नगर जिल्ह्यातून असेच आले. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल, आणि राहायला पाचटाची कोपी.

आज नातवंडे पुण्यात संगणकावर काम करतात, कुणी दुबईत आहे. मूळ गाव विचारले की 'बारामती' म्हणतात. त्यांचा दोष नाही, आपणच सांगितले नाही. 1876-78 च्या मोठ्या दुष्काळानंतर नगर भागात अनेक कुटुंबांनी बाप्तिस्मा घेतला. भाकरीसाठी धर्म घेतला असे कुणी हिणवेल, जात काढेल, म्हणून आजोबा गप्प राहिले, बापही गप्प. मला वाटते, ही चुप्पी आपल्याला गरिबीपेक्षा महाग पडली. ज्या मुलाला घरची गोष्ट ठाऊक नाही, तो हिणवणाऱ्याचीच गोष्ट खरी धरून बसतो. संत मत्तयाने प्रभू येशूची वंशावळ लिहिली, तिच्यात रूथ आहे: मवाबी, विधवा, परक्याच्या शेतात सरवा वेचणारी. तिचे नाव त्याने गाळले नाही.

वाचन दहाव्या वचनावर थांबते. अकरावे घरी उघडून पाहा. त्या टोपलीच्या आनंदात गावातल्या उपऱ्यालाही सामील करून घ्यायला सांगितले आहे. हंगामात कारखान्याच्या तळावर बीडकडच्या टोळ्या उतरतात. त्यांची मुले आपल्या मुलांच्याच वयाची असतात.

मुलांनो, लग्न ठरले की तुम्ही बाप्तिस्म्याचा दाखला मागायला येताच. त्याआधीच एकदा आजोबांच्या जुन्या धर्मग्रामात जा. तिथल्या बाप्तिस्म्याच्या वहीत आईवडिलांची, धर्ममाता-पित्यांची नावे आणि तारीख लिहिलेली असते. धर्मगुरूंना आधी कळवा, म्हणजे वही शोधून ठेवता येईल. सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला जाल, तेव्हा आजीला गाडीत खिडकीशी बसवा. राहुरी गेल्यावर तिला विचारा, आपले गाव कुठल्या बाजूला.