मुका मार

कर्नाळ्याच्या अभयारण्यात सकाळी सुतार पक्ष्याची टकटक ऐकू येते. एवढं डोकं आपटून त्याला काही कसं होत नाही? त्याच्या कवटीत धक्के झेलणारी गादी असते, असं आपण वर्षानुवर्षं ऐकत आलो. २०२२ साली संशोधकांनी संथगती चित्रीकरण तपासलं, तर गादीबिदी काही निघाली नाही. कवटी हातोड्यासारखी कडक. मेंदूच एवढासा, म्हणून सोसतो.

माणसाच्या पोराचा मेंदू एवढासा नसतो.

पनवेल-पेणच्या गावांत रात्री दिव्यांखाली कबड्डी रंगते. पंधरा-सोळा वर्षांचा चढाईपटू मध्यरेषेकडे झेपावतो, तिघं त्याच्यावर कोसळतात, डोकं कुणाच्या तरी गुडघ्यावर आपटतं. तोंडावर पाणी मारलं जातं. "काय नाय झालं, ऊठ!" तो उठतो, टाळ्या पडतात. मीही वाजवल्यात. रक्त आलं असतं तर कुणीतरी थांबवलं असतं. पण हा मुका मार. शब्द अगदी नेमका आहे. हा मार बोलत नाही, सीटी स्कॅनमध्येही बहुधा दिसत नाही. डोकं ठणकतं, मळमळतं, आत्ताचा गुणफलक आठवत नाही आणि दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्याकडे बघवत नाही.

कॅनडातली सतरा वर्षांची रोवन स्ट्रिंगर शाळेच्या संघातून रग्बी खेळायची. मे २०१३मध्ये काही दिवसांत तिच्या डोक्याला पुन्हा पुन्हा मार बसला. तिने इंटरनेटवर लक्षणं शोधली, मित्रमैत्रिणींना विचारलं आणि पुढचा सामना खेळली. त्यातून ती वाचली नाही. २०१८ साली ऑन्टॅरिओने तिच्या नावाने कायदा केला : नुसता संशय आला तरी खेळाडू बाहेर, आणि वैद्यकीय तपासणीशिवाय पुन्हा खेळ नाही.

आपण मात्र पोरालाच विचारतो, "खेळशील ना?" अख्खा गाव बघत असताना तो नाही कसं म्हणेल? शिवाय ज्याने उत्तर द्यायचं, तो मेंदूच हललेला. हा प्रश्न त्याला विचारणं म्हणजे मोठ्यांनी अंग काढून घेणं.

उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी दिसली तर रात्रीच रुग्णालय गाठावं. एरवी एक-दोन दिवस विश्रांती, मग हळूहळू हालचाल. आधी शाळा, मैदान नंतर. या वयात चार आठवडेही लागतात. तोवर स्पर्धा संपते, चषक दुसऱ्या गावात जातो. जाऊ द्यावा.

कबड्डीच्या संघात सात जण मैदानात असतात आणि पाच राखीव.