प्रारब्ध कोणाचे, क्रियमाण कोणाचे?

रोग हे पूर्वकर्माचे फळ आहे काय, असा प्रश्न आम्हांस श्रोते पुष्कळदा विचारतात. पुष्कळ वर्षे आम्ही त्याचे उत्तर एका शब्दात देत आलो : होय. काही वर्षांमागे सावंगी (मेघे) येथे एका माउलीने त्या उत्तराची आम्हांस लाज वाटावयास लावली. ती हकीकत आधी सांगतो, विचार मागून करू.

सावंगी हे वर्ध्याच्या शेजारचे गाव. १९९० साली येथे वैद्यकीय महाविद्यालय निघाले. त्याच्या रुग्णालयाला आचार्य विनोबा भावे यांचे नाव आहे. आसपासच्या जिल्ह्यांतून रोगी येतात आणि लांबचे लोक गावात खोली घेऊन राहतात. तेथे आमचा सप्ताह होता. तिसऱ्या दिवशी आम्ही कर्मविपाक लावला. अमक्या पापाचा अमका रोग, असे पाठशाळेत घोकलेले सारे रंगवून सांगितले. श्रोते डोलले, आम्हीही सुखावलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी यवतमाळकडचा एक शेतकरी आला. पाया पडून म्हणाला, "महाराज, माही बायको आज दवाखान्यात येत नाही म्हणते. तिले छातीचा कॅन्सर हाये. तीन इंजिक्शनं झाली, आता म्हणते घरी चाला." आम्ही त्याच्यासोबत खोलीवर गेलो. बाई भिंतीला टेकून बसली होती. पदर कपाळापर्यंत घट्ट ओढलेला. आम्हांला पाहून उठली नि म्हणाली, "तुमीच सांगतलं ना जी, का रोग मंजे पापाचं फळ. मंग ते भोगूनच फिटन. यायच्या दोन बकऱ्या गेल्या, माही पोत गेली. माह्या पापापायी लेकराईले कायले भिकेले लावू?"

आमच्या तोंडून शब्द निघेना. तिने आमचे कीर्तन आमच्यापेक्षा प्रामाणिकपणे ऐकले होते. आम्ही जे नुसते बोललो, ते ती आचरावयास निघाली होती.

आता विचार. शास्त्राने कर्माचे तीन भाग केले : संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण. साठलेले ते संचित, भोगास आलेले ते प्रारब्ध, आणि आज या हाताने घडते ते क्रियमाण. आमची चूक सिद्धांतात नव्हती, ती त्याच्या लावण्यात होती. स्वतःवर दुःख आले असता ‘हे माझे प्रारब्ध’ असे म्हणणाऱ्याचा राग निवतो, दुसऱ्याला दोष देणे थांबते. त्या ठिकाणी हा शब्द औषध आहे. तोच शब्द शेजाऱ्याच्या दुःखाला लावला, तर आपण त्याला आरोपी करतो आणि स्वतः मोकळे होतो. त्याचे प्रारब्ध आपल्याला दिसत नाही. आपल्याला दिसते ते एवढेच, की एक माणूस पुढे पडले आहे आणि आपले हात रिकामे आहेत. त्या घटकेला आपल्या वाट्याला क्रियमाण येते. दुसऱ्याचे प्रारब्ध मोजीत बसणे हेही क्रियमाणच, आणि त्याचेही फळ आहे!

कोणी म्हणेल, "महाराज, पाप केल्यावाचून का असा रोग होतो?" त्याला आम्ही विचारतो : रामकृष्ण परमहंस १८८६ साली गळ्याच्या कर्करोगाने गेले. आपल्याच विदर्भातले राष्ट्रसंत तुकडोजी महाराज ११ ऑक्टोबर १९६८ रोजी कर्करोगानेच गेले. त्यांची पापे मोजणारा असेल त्याने पुढे यावे. आणि २०२२ सालच्या अंदाजाप्रमाणे भारतात एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाचा कर्करोग झाला, ९८ हजारांवर दगावल्या. या सगळ्या पापिणी आणि त्यांना नावे ठेवणारे तेवढे पुण्यवान, असे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे?

या रोगात देह जितका पोळतो, तितकाच संसार पोळतो. सरकारची महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे. तिची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला दीड लाख होती, ती पाच लाख करण्याचे २०२३ साली ठरले. शस्त्रक्रिया, औषधे त्यात होतात, हे मोठेच काम. पण खोलीचे भाडे, सोबत्याचे जेवण, बुडालेली मजुरी ही सारी कार्डात मावत नाही. शिरेतून द्यायची औषधे बहुधा तीन-तीन आठवड्यांनी, सहा-आठ वेळा. किरणांचा उपचार आठवड्यातले पाच दिवस, तीन ते पाच आठवडे. पुढे कित्येकींना पाच-दहा वर्षे रोज गोळी. घरातल्या दोन मजुऱ्या बुडतात : तिची आणि तिच्यासोबत जाणाऱ्याची. काखेतल्या गाठी काढल्या की त्या हाताला सूज येण्याचे भय जन्माचे राहते. त्या हाताने ओझे उचलू नये, त्याला जखम होऊ देऊ नये, असे डॉक्टर सांगतात. आता कापूस वेचणारणीने काय करावे? बोंडाची टोके बोटे ओरबाडतातच. वेचणीची मजुरी किलोवर. हात आखडला की चूल आखडली. मग थोरल्या मुलीची शाळा सुटते, आणि ती कोणत्याही हिशोबाच्या वहीत लिहिली जात नाही.

दुसरा पोळा माणसांचा. हा रोग स्पर्शाने होत नाही, एका ताटात जेवल्याने होत नाही. तरी पेला वेगळा होतो. औषधाने केस गळतात, तर सवाशिणीचे उघडे डोके पाहून बायाच अपशकुन म्हणतात. हळदीकुंकवाचे बोलावणे चुकते. लेकीचे स्थळ मोडते. खरे पाहता शंभरात पाच-दहा जणींचाच रोग रक्ताने चालत आलेला असतो. कोणी नातलग नवऱ्याच्या कानात दुसरीची गोष्टही काढतो. आणि सर्वांत वाईट ती लाज. ज्या दुधावर आपण सारे वाढलो, त्या अवयवाचे नाव घ्यावयास आपली जीभ अडते. गाठ हाताला लागली तरी बाई महिनोन्‌महिने बोलत नाही, आणि येते ती उशिरा. मुंबईत टाटा रुग्णालयाने १९९८ पासून दीड लाखावर बायकांत एक प्रयोग केला. शिकवून तयार केलेल्या बायांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासावे, इतकेच. २०२१ साली त्याचे फळ प्रसिद्ध झाले : पन्नाशीपुढच्या बायकांत या रोगाचे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी घटले. हाताने तपासण्याने जी वाचते, ती आपल्या लाजेपायी मरावी काय?

आपल्या संप्रदायाचा पाया आठवा. पांडुरंग विटेवर का उभा आहे? पुंडलिक आईबापांची सेवा करीत होता. देव दाराशी आला तरी त्याने हात थांबवला नाही, वीट फेकली. ती सेवा सोडून तो धावता, तर पंढरपूर झाले नसते. आणि फार दूर कशाला जावे? सावंगीपासून थोड्याच अंतरावर सेवाग्राम आहे. परचुरे शास्त्री तेथे आले. ते आमच्यासारखेच संस्कृताचे पंडित, आणि अंगावर महारोग. गांधीजींनी त्यांचे प्रारब्ध विचारले नाही. आश्रमात कुटी दिली आणि स्वतःच्या हाताने त्यांच्या अंगाला तेल चोळले. दत्तपूरला तर मनोहरजी दिवाण यांनी १९३६ सालीच महारोग्यांची सेवा मांडली होती. गाडगेबाबा आमच्याच धंद्यातले, कीर्तनकार. २० डिसेंबर १९५६ रोजी ते गेले; पण मुंबईत दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत कर्करोगाचे रोगी आजही उतरतात. कीर्तन कोठे संपावे, हे त्यांनी दाखवून ठेवले.

म्हणून दिंडीकरी, विणेकरी, सप्ताहाचे चालक या सर्वांना आमची विनंती आहे. सप्ताहात काल्याच्या पंगती उठतात. त्यातला एक वाटा एखाद्या रोग्याच्या सोबत्याला पोचवा. गावातल्या बाईला दवाखान्यात जायचे असेल, तर आळीपाळीने सोबत द्या, म्हणजे घरधन्याची एक मजुरी तरी वाचेल. रेल्वेत कर्करोग्याला उपचाराच्या प्रवासासाठी भाड्यात सवलत आहे. तो कागद भरून देणे हेही अन्नदानाइतकेच पुण्य. तीस वर्षांपुढच्या बायांनी आशाताईंना विचारून तपासणी करून घ्यावी, हे कीर्तनातून सांगावयास आम्हांला आता संकोच नाही. आणि हळदीकुंकू असेल, तर पहिले बोट तिच्या कपाळी लावा.

त्या दिवशी खोलीवर आम्ही त्या बाईपुढे हात जोडले. म्हणालो, "माय, आम्ही चुकलो. तुझं पाप आम्हांला ठाऊक नाही; आमचं मात्र काल रात्री सगळ्यांनी ऐकलं." ती पुष्कळ वेळ बोलली नाही. मग नवऱ्याला म्हणाली, "चाला, उन्हं चढन." आम्ही त्यांच्याबरोबर दवाखान्याच्या फाटकापर्यंत चालत गेलो. रात्री तीच कथा पुन्हा लावली, आणि आदल्या दिवशीचे बोलणे देवापुढे मागे घेतले. सप्ताहाच्या बिदागीतून खोलीचे दोन महिन्यांचे भाडे दिले. हे दान म्हणून सांगत नाही. ते आमचे देणे होते.

बाई पुढे गावी गेली. नंतर भेट नाही. पण कीर्तनास उभे राहिलो की घट्ट पदर घेतलेले एखादे डोके समोर दिसते, आणि बोलण्याआधी आम्ही थांबतो.

रामकृष्णहरि.