हसवणाऱ्याचा गुन्हा

हसवणाऱ्या माणसाचा गुन्हा हलका ठरतो का? हा प्रश्न आमच्यासमोर एका चित्रपटाने उभा केला.

जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात ‘द बिग सिक’ हा छोटा, स्वतंत्रपणे काढलेला प्रेमविनोदी चित्रपट दाखवला गेला. अॅमेझॉनने तो १ कोटी २० लाख डॉलरला विकत घेतला. कराचीत जन्मलेला विनोदी कलावंत कुमैल नानजियानी आणि त्याची पत्नी एमिली गॉर्डन यांनी आपल्याच लग्नाआधीची हकिकत त्यात लिहिली. कुमैलने स्वतःचीच भूमिका केली. त्याचे वडील झाले अनुपम खेर. समीक्षकांनी भरभरून कौतुक केले आणि २०१८ मध्ये पटकथेला ऑस्करचे नामांकन मिळाले.

कौतुक खोटे नव्हते. हॉलिवूडने मुसलमान दाखवला तो बहुधा बंदूकधारी म्हणून. इथे तो आईच्या हातचे जेवतो, भावाशी वाद घालतो, प्रेमात पडतो. नमाजाच्या नावाने तळघरात जाऊन वेळ काढतो, तेव्हाही त्याचा राग येत नाही. चेहराच असा की माफी आपसूक मिळावी.

पण याच कुमैलची आई जेवणाच्या वेळी एकेक मुलगी घरी बोलावते, जणू ती सहज आली आहे. मुलींचे फोटो तो सिगारच्या पेटीत टाकतो. मनात एमिली असूनही आईला ‘नाही’ म्हणत नाही. एमिलीला पेटी सापडते आणि नाते तुटते. पुढे ती गंभीर आजारी पडते, आणि प्रेक्षक तिच्यासाठी, त्याच्यासाठी हळहळतो. पेटीतल्या मुलींसाठी कोण हळहळले? खदीजा नावाच्या एकीला क्षणभर बोलायला मिळते, एवढेच. दक्षिण आशियाई वंशाच्या काही लेखिकांनी नेमके हेच विचारले: आमच्यासारख्या मुली विनोदापुरत्याच का? त्यावर कुणी म्हणाले, एवढ्या गोड चित्रपटात खोड कशाला काढायची?

खोड नव्हे, हिशेब आहे. रिश्त्यासाठी फोटो पाठवणे म्हणजे काय, हे आपल्या घरांना सांगायला नको. मुलगी सजते, चहाचा ट्रे धरते, मग घरभर निरोपाची वाट पाहिली जाते.

दीन आपल्याला शिकवतो की हुकूकुल इबाद, म्हणजे बंद्यांचे हक्क, ज्याचे त्यानेच माफ करायचे असतात. एमिलीने कुमैलला माफ केले, तो तिचा अधिकार. प्रेक्षकांनी आणि समीक्षकांनी केले, ते मात्र दुसऱ्याच्या खात्यातून.

आम्ही शिक्षक याहून वेगळे नाही. वर्गातल्या एका हजरजबाबी मुलाने एकदा शेजारच्या मुलीची वही फाडली आणि असा काही बहाणा सांगितला की सारा वर्ग हसला. आम्हीही हसलो आणि त्याला बसायला सांगितले. ती मुलगी हसली नाही. मधल्या सुट्टीत ती गोंदाने पाने चिकटवत होती. तिला न विचारता आम्ही तिची माफी वाटून टाकली होती.

तो चित्रपट चांगला आहे, आम्ही तो पुन्हाही पाहू. हसूही. हसण्यात गुनाह नाही. फक्त हसू ओसरल्यावर एकदा पाहावे, खोलीत कोण हसले नाही.