खाणावळवालीची पत

मुंबईच्या गिरणगावात, लालबाग-परळच्या चाळींत, एकेका गाळ्यात पंधरा-वीस गाववाले राहत. कुणी रत्नागिरीचे, कुणी साताऱ्याचे. प्रत्येकाची एक ट्रंक, एक वळकटी. पहिल्या पाळीचे उठून गिरणीत गेले की रात्रपाळीहून आलेले त्याच जागेवर आडवे होत. बायकामुले गावाकडे असल्याने गाळ्यात चूल नसे. जेवायला जायचे ते दोन-चार खोल्या पलीकडे, खाणावळीत.

ही खाणावळ म्हणजे कुणातरी बाईचे राहते घर. पहाटे स्टोव्ह पेटायचा, भोंग्याआधी पहिल्या पाळीची भाकरी तयार लागायची. दुपारी पाळी सुटली की भिंतीला पाठ लावून पंगत बसे. रात्री दुसऱ्या पाळीचे लोक आले की तवा पुन्हा तापे. पोरे अभ्यासाला बाहेर कठड्यावर, नवरा असलाच तर जिन्यात. हिशेबाची एक वही असे. कुणाचे किती खाडे, कुणाची मागची बाकी, गावाहून परतल्यावर कोण देणार. जेवणाऱ्याचा पगार महिन्याने, आणि वाण्याचे पीठ-तांदूळ मात्र रोज लागणार. मधले अंतर बाई आपल्या अंगावर घेई. वाण्याची उधारी, सावकाराचे व्याज आणि अगदीच अडले तर गळ्यातले डोरले गहाण.

गिरणगावातल्या आशेबद्दल बोलायचे तर या वहीपासूनच बोलावे लागते. मुंबईवर संकट आले की शहराच्या चिवटपणाचे कौतुक होते. पूर आला, स्फोट झाले, तरी दुसऱ्या दिवशी गाड्या भरून वाहतात, असे सांगितले जाते. त्यात खोटे काही नाही. पण दुसऱ्या दिवशी कामावर गेले नाही तर चूल पेटणार नाही, हेही त्यातच आहे. नाइलाज आणि उमेद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाइलाजाने माणूस आजचा दिवस काढतो. उमेद असली की पुढच्या वर्षाचा विचार करतो. खाणावळवाल्या बाईकडे कष्ट होते, हिकमत होती, चिवटपणा तर होताच. नव्हती ती पत.

मराठीत पत या एकाच शब्दात बाजारातला विश्वास आणि समाजातला मान दोन्ही येतात. या बायकांना दोन्हींपासून दूर ठेवले गेले होते. १९२०च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत दर पाच कामगारांमागे साधारण एक स्त्री होती. स्त्रियांच्या रात्रपाळीवर बंदी होतीच, पुढे १९२९ साली मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या रजेचा कायदा झाला, यंत्रे बदलली आणि मालकांनी बायका घेणेच कमी केले. संरक्षणासाठी केलेल्या तरतुदी त्यांना गिरणीबाहेर काढण्याचे निमित्त ठरल्या. विधवा, टाकलेल्या, नवऱ्याची नोकरी सुटलेल्या अशा कितीतरी जणी खाणावळीकडे वळल्या. त्या गिरणी उद्योगाचा भार वाहत होत्या, पण कुठल्याही हजेरीपटावर त्यांचे नाव नव्हते. कामगारांच्या आकडेवारीत त्या नव्हत्या आणि बँकेच्या दारात तर नव्हत्याच.

सत्तरच्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांत गिरण्यांचा बेचाळीस दिवसांचा संप झाला. पगार थांबला, पण जेवण थांबले नाही. संपकऱ्यांना बायकांनी उधारीवर जेवू घातले आणि त्या स्वतः कर्जात बुडाल्या. हे जवळून पाहणाऱ्यांत प्रेमाताई पुरव होत्या. गोवा मुक्तिसंग्रामात पायाला गोळी लागलेल्या, नंतर मुंबईच्या कामगार चळवळीत रमलेल्या. संप कामगाराच्या एकजुटीवर चालतो असे सगळे म्हणत. तो खाणावळवालीच्या उधारीवरही चालतो, हे त्यांनी ओळखले. त्यांच्या पुढाकाराने १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे राहिले.

मंडळाचे काम ऐकायला साधे वाटते. १९६९ साली चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते आणि गरिबांना कर्ज देणे ही बँकांची जबाबदारी ठरली होती. पण तारण मागितले की बाई परत फिरे. मंडळाने शेजारणींचे गट केले आणि एकीच्या कर्जाला बाकीच्या जामीन राहिल्या. एकाच चाळीत राहणाऱ्या, एकाच नळावर भांडणाऱ्या बायकांना कोण किती खरी हे बँकेच्या अधिकाऱ्यापेक्षा जास्त ठाऊक होते. ती ओळख कागदावर आली आणि तिची पत झाली. त्यासाठी बाईला बँकेत जावे लागले, सही शिकावी लागली, आपले नाव स्वतःच्या तोंडाने सांगावे लागले. अहमदाबादेत ‘सेवा’ या महिला संघटनेची बँक १९७४ साली सुरू झाली होती आणि बांगलादेशात मुहम्मद युनूस यांचा जोब्रा गावातला छोट्या कर्जांचा प्रयोग १९७६चा. गिरणगावातल्या स्वयंपाकघरांत हा विचार त्याच सुमारास स्वतःच्या वाटेने पोचला होता.

याआधीचे एक उदाहरण मुंबईतल्याच गिरगावातले आहे. १५ मार्च १९५९ रोजी लोहाणा निवास या इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणींनी पापड लाटायला घेतले. भांडवल ऐंशी रुपये, छगनलाल करमसी पारेख यांच्याकडून उसने आणलेले. त्यांनी पैसे दिलेच, पण हिशेब चोख ठेवण्याचा आग्रहही धरला. देणगी घ्यायची नाही आणि लाटणारी प्रत्येक बाई मालकीण, हे त्यांच्या ‘लिज्जत’चे तत्त्व ठरले. दोन्ही ठिकाणी उसन्या पैशांइतकेच महत्त्व, बाई परत देईल असे कुणीतरी गृहीत धरले याला आहे. दानात ते गृहीत नसते.

मग १९८२ उजाडले. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली साठच्या आसपास गिरण्यांतले सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप आजतागायत रीतसर मागे घेतला गेलेला नाही. हजारो कामगार गावी परतले ते कायमचेच. खाणावळीच्या वहीतल्या कितीतरी बाक्या तशाच राहिल्या. उमेदीची गोष्ट सांगताना हे झाकणे अप्रामाणिकपणाचे होईल. मंडळाने गिरण्या वाचवल्या नाहीत. ते त्याच्या आवाक्यातही नव्हते. पण एक फरक पडला. गिरणीचे गिऱ्हाईक तुटले तेव्हा ज्या बाईच्या हाती पासबुक आणि पाठीशी गट होता, तिला कचेऱ्यांचे डबे, कँटीन, लग्नकार्याच्या ऑर्डरी यांकडे वळण्याचा विचार तरी करता आला. दादरहून मंडळाचे काम वाढले, वाशीला केंद्र झाले. प्रेमाताईंना २००२ साली पद्मश्री मिळाली.

यावर आक्षेप घेता येतो, आणि तो वजनदार आहे. छोटी कर्जे वाटून मोठ्या अन्यायाचे ओझे गरिबाच्याच खांद्यावर टाकले जात नाही का? २०१० साली आंध्र प्रदेशात सूक्ष्म कर्जांच्या वसुलीने माणसांचे बळी घेतले, तेव्हा जामीन राहणारा गटच फास झाला होता. शिवाय गिरण्यांच्या जमिनीवर मॉल आणि टॉवर उभे राहिले, तर गिरणी कामगारांच्या घरांची म्हाडाची पहिली सोडत निघायला २०१२ साल यावे लागले. घरासाठी अर्ज दीड लाखाच्या आसपास, आणि त्या सोडतीत घरे सात हजारांहूनही कमी. हा हिशेब कुठल्याही बचतगटाने भरून निघणार नाही. तो सरकार आणि मालकांकडूनच वसूल व्हायला हवा.

म्हणूनच अन्नपूर्णाचा उगम विसरता कामा नये. ते मंडळ कामगार चळवळीच्या कुशीत जन्मले. कर्ज हे त्याचे एक हत्यार होते, ध्येय नव्हे. मुलींचे शिक्षण, घरातली मारहाण, आजारपण हे प्रश्न त्याच बैठकीत मांडले जात. आंध्रात वसुलीदार लक्ष्यपूर्तीसाठी दारात उभा राही. गिरणगावात जामीन राहणारी शेजारीणच पोरांना सांभाळून घेई. गट दोन्हीकडे होता. तो कुणासाठी चालतो, यावर सगळे ठरत होते.

आजही लालबागच्या मिरची गल्लीत एप्रिल-मे महिन्यांत डंकाचा आवाज सुरू झाला की वर्षाचा मसाला करून घ्यायला बायकांची रांग लागते. त्याच रस्त्याने वर पाहिले तर गिरण्यांच्या जागेवरचे टॉवर दिसतात. तिथले पहारेकरी बारा-बारा तास उभे असतात, डबे पोचवणारी पोरे मोटारसायकलवर जेवण घेऊन धावत असतात. त्यांच्याही पाळ्या आहेत, गाव दूर आहे आणि एका खोलीत पाच-सहा जण राहतात. दुपारी तीनच्या सुमारास कुठल्याशा गल्लीत, जिन्याखालच्या बाकड्यावर, एक बाई त्यांना चपाती-भाजी वाढते. पगार झाला की देतो, असे त्यातला एखादा म्हणतो. ती मान हलवते आणि ताटाखालची वही ओढून घेते.