मुरगाव बंदरातील निनावी माणसे

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील युवकांनी सभागृहात एक जुना इंग्रजी चित्रपट दाखविला. ‘द सी वुल्व्हज्’ हे त्याचे नाव. तो १९८० साली पडद्यावर आला. ग्रेगरी पेक, रॉजर मूर, डेव्हिड निव्हन यांच्यासारखे नामवंत नट, चित्रीकरण गोव्यातले आणि कथा दुसऱ्या महायुद्धातील सत्य घटनेवर आधारलेली. चित्रपटानंतर चर्चा ठेवली होती. अशा चर्चा बहुधा चहा येईपर्यंतच टिकतात. ही मात्र रात्री साडेदहापर्यंत चालली आणि पुढचे दोन रविवार मिस्सेनंतर ख्रिस्तमंदिराच्या आवारात चालूच राहिली. त्या मतमतांतरांतून आमच्या मनात जे विचार आले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम मूळ घटना सांगणे अगत्याचे आहे. १९३९ साली युद्ध भडकले तेव्हा एहरेनफेल्स, ड्राखेनफेल्स आणि ब्राउनफेल्स या तीन जर्मन व्यापारी जहाजांनी मुरगाव बंदराचा आश्रय घेतला. एक इटालियन जहाजही तेथे होते. गोव्यावर पोर्तुगालचा अंमल होता आणि पोर्तुगाल युद्धात तटस्थ. एहरेनफेल्सवरील गुप्त प्रक्षेपकातून जर्मन पाणबुड्यांना दोस्तांच्या जहाजांचा ठावठिकाणा कळविला जातो, अशी ब्रिटिश हेरखात्याची धारणा झाली. तटस्थ बंदरात उघडपणे सैन्य पाठविणे शक्य नव्हते. म्हणून कलकत्ता लाइट हॉर्स आणि कलकत्ता स्कॉटिश या स्वयंसेवी दलांतील अठरा जण निवडले गेले. हे नोकरी-व्यापार करणारे, मध्यम वयाचे, क्लबात रमणारे गृहस्थ होते. ‘फीबी’ नावाची गाळ वाहणारी बार्ज कलकत्त्याहून भारताला वळसा घालून निघाली. ९ मार्च १९४३ रोजी ही मंडळी एहरेनफेल्सवर चढली. कप्तान रोफर आणि आणखी चार जर्मन खलाशी मारले गेले. जहाज शत्रूच्या हाती पडू नये म्हणून खलाशांनी स्वतःच ते बुडविले. उरलेल्या जहाजांचीही तीच गत झाली. पुढे पस्तीस वर्षे हे सारे गुपितच राहिले. १९७८ साली जेम्स लीझर या लेखकाने ‘बोर्डिंग पार्टी’ या पुस्तकात ते प्रसिद्ध केले आणि त्यावरून हा चित्रपट निघाला.

युवकांचे मत ठाम होते. समोर हिटलर असताना फसवणूक हे पाप कसले? एका निवृत्त शिक्षकांना ते मान्य नव्हते. तटस्थ शेजाऱ्याच्या घरात रात्री शिरून केलेला खून हा खूनच, मग शिरणारा कितीही सभ्य असो, असे ते म्हणाले. त्यावर मागच्या बाकावरून एक वृद्ध गृहस्थ उठले. त्यांची उमेद आगबोटीवरच्या नोकरीत गेली. त्यांनी विचारले, “फादर, पाणबुड्यांनी इंग्रजांची जहाजे बुडविली, त्यांच्या भटारखान्यात कोण होते? आपलेच गोंयकार ना?” सभागृह शांत झाले. ब्रिटिश कंपन्यांच्या आगबोटींवर गोव्याचे हजारो तारवटी चाकरीला होते, हे सर्वश्रुत आहे. वसईवर दोनशे पाच वर्षे त्याच पोर्तुगालची सत्ता होती. ही माणसे आपल्याला परकी नव्हेत.

अशा प्रश्नावर ख्रिस्तसभेची परंपरा काय सांगते? संत अगस्टीन यांनी असत्याविरुद्ध दोन ग्रंथ लिहिले आणि कोणत्याही हेतूने बोललेले असत्य त्यांनी निर्दोष मानले नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी युद्धातील दबा धरण्याविषयी स्वतंत्र विचार केला. आपला बेत शत्रूपासून लपवून ठेवणे न्याय्य आहे, कारण आपल्या मनातील सारे काही त्याला सांगण्यास आपण बांधलेले नाही. मात्र त्याला दिलेले वचन मोडणे किंवा त्याच्याशी असत्य बोलणे न्याय्य नाही, कारण शत्रूशीही काही करार पाळावेच लागतात. आणि युद्ध एकदा पेटले म्हणजे दोन्ही पक्षांना सारेच काही क्षम्य होते असे नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली स्पष्ट केले आहे. या कसोटीवर फीबीचा गुपचूप प्रवास बहुधा उतरेल. तटस्थ बंदराचा भंग उतरेल की नाही याविषयी आम्ही साशंक आहोत. बुडणाऱ्या तारवटींचे प्राण एका पारड्यात आणि पोर्तुगालचे तटस्थपण दुसऱ्या पारड्यात घातले, तर आमचा हात डळमळतो, हे प्रांजळपणे सांगतो.

परंतु चर्चेला खरे वळण दिले ते एका मातेने. हल्ल्याच्या रात्री जर्मन खलाशी जहाजावर नसावेत म्हणून त्यांना किनाऱ्यावर गुंतवून ठेवण्याची योजना होती. लीझर यांच्या वृत्तांतानुसार त्यासाठी बंदरावरील कुंटणखाना त्या दिवसांत खलाशांना मोफत खुला करण्यात आला आणि त्याचे पैसे कटवाल्यांनी भरले. चित्रपटात हा भाग विनोदी आहे. आमच्या सभागृहातही हशा पिकला, आम्हीही हसलो. ती माता म्हणाली, “फादर, त्यात हसण्यासारखे काय होते?”

एका युवकाने उत्तर दिले की त्या स्त्रिया आधीपासूनच तेथे होत्या, कोणी त्यांना नव्याने आणले नव्हते. हे उत्तर तर्काला धरून आहे, परंतु आम्हांस ते पटले नाही. गिऱ्हाईक नेहमी हेच म्हणते. जर्मन कप्तान निदान आपल्या राष्ट्राच्या युद्धात होता. हल्लेखोर स्वेच्छेने आले होते. या स्त्रियांना मात्र कोणते युद्ध, कोणाचा प्रक्षेपक, याची कोणी वार्ताही दिली नसावी. देवाच्या प्रतिरूपात निर्माण झालेल्या माणसाला खिळा-हातोडीसारखे वापरले गेले आणि काम झाल्यावर तो हिशेबातूनही वगळला गेला. असत्य बोलण्याच्या प्रश्नावर आम्ही तासभर वाद घातला होता. हा प्रश्न आम्हां धर्मगुरूंच्या मनातही आला नव्हता.

योगायोग असा की बायबलमधील सर्वांत प्रसिद्ध हेरकथाही एका वेश्येच्याच घरी घडते. यहोशवाने यरीहोला धाडलेले दोन हेर राहाबच्या घरी उतरले. तिने त्यांना लपविले आणि राजाच्या माणसांना खोटे सांगून वाटेला लावले. तिला प्रतिफळ मिळाले ते असत्याचे नव्हे, तिने दाखविलेल्या दयेचे, असे संत अगस्टीन म्हणतात. आमचे लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे जाते. पवित्र शास्त्राने तिचे नाव राखले. दिलेले वचन हेरांनी पाळले, तिचे घराणे वाचले आणि संत मत्तयाने तिला प्रभूच्या वंशावळीत बसविले. मुरगावच्या स्त्रियांपैकी एकीचेही नाव चित्रपटाला सांगावेसे वाटले नाही.

त्याच वर्षी, ३० एप्रिल १९४३ रोजी, ब्रिटिशांनी तटस्थ स्पेनच्या किनाऱ्याजवळ एक मृतदेह सोडला. त्याच्याजवळ खोटी कागदपत्रे होती आणि मेजर विल्यम मार्टिन हे खोटे नाव. त्याला कॅथोलिक ठरविण्यात आले होते आणि वेल्वा येथे त्याचे दफन झाले. शत्रू फसला. ‘द मॅन हू नेव्हर वॉज’ हा चित्रपट १९५६ साली याच प्रसंगावर निघाला. देह मात्र ग्लिंडूर मायकेल या निर्धन वेल्श माणसाचा होता, आणि त्याचे खरे नाव थडग्यावर कोरले गेले ते १९९८ साली.

त्या साली ९ मार्च हा कार्निव्हलचा अखेरचा मंगळवार होता; राखेचा बुधवार १० मार्चला आला. मुरगाव-वास्कोच्या भाविकांनी कपाळावर राख लावून घेतली असेल तेव्हा बंदरातले पाणी कसे दिसत असेल, हा विचार आमच्या मनातून जात नाही.

नोव्हेंबरात, मृतांच्या महिन्यात, आगबोटीवरचे ते वृद्ध गृहस्थ कार्यालयात आले. बुडालेल्या तारवटींसाठी आणि त्या पाच जर्मनांसाठी एकच मिस्सा हवी, असे म्हणाले. आम्ही वही उघडली आणि नावे विचारली. तारवटींची नावे त्यांना ठाऊक नव्हती, जर्मनांपैकी आम्हांला एकच ठाऊक होते. थोडा वेळ थांबून ते म्हणाले, “फादर, त्या घरातल्या बायांनाही त्यातच घाला.” आम्ही रोफर एवढे लिहिले आणि पुढे ‘व इतर’ असे लिहून मिस्सेची वेळ नोंदविली.