नव्याण्णवांचे काय?

हरवलेल्या मेंढराचा दाखला आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत. शंभरांतील एक हरवले, तेव्हा मेंढपाळ नव्याण्णव रानात ठेवून त्या एकाच्या शोधास निघाला. संडेस्कूलच्या शिक्षकांपुढे आम्ही या दाखल्यावर बोलत असता एका भगिनीने विचारले, "पण त्या नव्याण्णवांचे काय? एका मुलासाठी थांबले, तर बाकीच्यांचे नुकसान नाही का?" या भगिनी शाळेत शिकवतात. त्यांचा प्रश्न अश्रद्धेचा नव्हता. चाळीस मुलांपुढे रोज उभे राहणाऱ्या माणसाचा होता. आमचे उत्तर त्या दिवशी गुळमुळीत झाले.

पुढे तिगावच्या आमच्याच वर्गात एक गोष्ट घडली. पाचवीतील एक मुलगी पाठांतरात नेहमी पहिली. दर रविवारी वचन खणखणीत म्हणे आणि बक्षीस घेई. एकदा आम्ही तिच्यापुढे भलतेच पान उघडून "वाच" म्हटले. तिने ओळीखाली बोट ठेवले आणि मागच्याच रविवारचे वचन म्हणू लागली. दोन वर्षे ती आमच्या डोळ्यांदेखत मागे राहिली होती, आणि आम्ही तिला बक्षिसे देत होतो!

आमच्या भागात अनेक मुले घरी मराठी बोलतात आणि शाळेत हिंदीतून शिकतात. पहिलीत गुरुजींचे बोलणे पुरते कळण्याआधीच अक्षरे पुढे निघून जातात. पण हे दुखणे केवळ आमचेच नाही. ग्रामीण मुलांच्या वाचनाची व गणिताची 'असर' नावाची पाहणी २००५ पासून होत आली आहे. २०२४ च्या पाहणीत पाचवीतील सुमारे निम्म्याच मुलांना दुसरीचा मजकूर वाचता आला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलाला वयाप्रमाणे वर्गात जागा दिली, हे मोठे काम झाले. परंतु जागा मिळणे वेगळे आणि धडा कळणे वेगळे. पुस्तक तारखेप्रमाणे पुढे सरकते, मूल अडले तेथेच राहते. शिक्षकाच्या माथी दोष मारणे सोपे आहे. पण दोन-तीन वर्ग एका खोलीत सांभाळून अभ्यासक्रम वेळेत संपविणाऱ्याला थांबण्याची मुभा आपण कोणी दिली आहे काय?

त्या भगिनीच्या प्रश्नाला मुंबईत एक उत्तर मिळालेले आहे. 'प्रथम' या संस्थेने तेथील महापालिकेच्या शाळांत मागे पडलेल्या मुलांसाठी आसपासच्याच तरुणी 'बालसखी' म्हणून नेमल्या. शाळेच्या वेळात रोज सुमारे दोन तास, पंधरा-वीस मुलांचा गट घेऊन, मूल जेथे अडले असेल तेथून त्या शिकवू लागत. मुंबई व वडोदरा येथील या कामाची पारख २००१ ते २००३ या काळात झाली. ती करणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांपैकी अभिजित बॅनर्जी व एस्थर डुफ्लो यांना २०१९ साली मायकेल क्रेमर यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. आढळले ते असे, की सर्वांत मागे असलेल्या मुलांना सर्वाधिक लाभ झाला, आणि मूळ वर्गात राहिलेल्यांचे काही बिघडले नाही.

म्हणजे नव्याण्णवांचे नुकसान झाले नाही. आम्हांस तर वाटते, त्यांचाही लाभच आहे. ज्या कळपात हरवलेल्याचा शोध होतो, त्यात प्रत्येक मेंढरू निर्धास्त असते. कारण उद्या हरवण्याची पाळी कोणावरही येऊ शकते.

आणखी एक गोष्ट या दाखल्यात आमच्या ध्यानी उशिरा आली. एक हरवले हे मेंढपाळाला कळले कसे? त्याने मोजले होते. कळवळा पुढचा; आधी मोजणी. आम्हांस त्या मुलीचा कळवळा नव्हता असे नाही. आम्ही मोजलेच नव्हते. सर्वांना एकच धडा दिला म्हणजे सर्वांना सारखे वागविले, असे आम्ही समजत होतो. ज्याला तो धडा वाचताच येत नाही, त्याच्यापुरता तो दिलेलाच नसतो. हा न्याय नव्हे.

तेव्हा शिक्षकबंधुभगिनींनो, एक साधे काम करू या. वर्गातील प्रत्येक मुलाला एकेकटे जवळ घेऊन, पाठ नसलेल्या दोन ओळी वाचावयास द्या. ज्यांना येत नाही त्यांचा लहान गट करा, आणि उपासनेनंतर अर्धा तास बाराखडीपासून सुरुवात करा. त्या गटावर 'कच्च्यांचा' असा शिक्का मात्र मारू नका. वाचता येऊ लागताच मूल तेथून पुढे गेले पाहिजे. आमच्यासारख्या सीमेवरच्या मंडळ्यांवर तर प्रभूची कृपाच आहे. मराठी शास्त्र आणि हिंदी पाठ्यपुस्तक, दोन्हींची लिपी एकच. आपल्याकडे जो मराठी वचन वाचावयास शिकेल, त्याला शाळेच्या पुस्तकातील अक्षरेही ओळखीची होतील.

त्या मुलीबरोबर आम्ही आता 'क'पासून बसलो आहोत. परवा तिने 'कमळ' वाचले; थांबत थांबत, पण वाचले. त्या दिवशी तिला बक्षीस द्यावयाचे आम्ही विसरलो, आणि तिनेही ते मागितले नाही.